पुठ्ठ्याची गाय आणि मंडईचं नाटक

१९७३ साली लंडनच्या विल्सडेन भागातल्या मॉर्गन स्टुडिओत काही इंग्रज पोरांनी तणसाचे भारे आणून रचले. त्यांच्यावर आपली वाद्यं ठेवली. भोवती पांढरं लाकडी कुंपण घातलं, झाडांच्या कुंड्या मांडल्या आणि एक पुठ्ठ्याची गाय उभी केली. गायकाला न्हाणीघरात आवाज छान लागायचा, म्हणून त्याच्यासाठी फरश्या लावलेली एक खोली स्टुडिओतच करून दिली.

ही हकीकत आमच्या गोंदिया जिल्ह्यात कुणालाही सांगा, तो पहिला प्रश्न विचारतो, "तणस काय भावानं पडलं?"

त्या पोरांच्या बँडचं नाव 'येस'. गायक जॉन अँडरसन. त्याची मूळ मागणी यापेक्षा मोठी होती. त्याला रानात जायचं होतं. रात्री, झाडांच्या मधोमध तंबू ठोकून तिथे गाणी रेकॉर्ड करायची, आणि जनरेटरचा आवाज येऊ नये म्हणून तो जमिनीत पुरायचा. बँडमधल्या इतरांना शहर सोडायचं नव्हतं, त्यातून स्टुडिओत २४ ट्रॅकची नवी यंत्रं आलेली. मग आपल्याकडे ग्रामसभेत होते तशी तडजोड झाली. रान नाही तर नाही, निदान तणस घ्या.

खरं तर त्याने नवेगाव बांधला यायला हवं होतं. रान आहे, रात्र आहे, तंबू ठोकायला जागा आहे. वनविभागाची परवानगी तेवढी काढावी लागली असती, आणि ती हातात पडेपर्यंत रॉक संगीताची फॅशन बदलली असती. जनरेटर पुरायचा म्हणजे खड्डा आला, खड्डा म्हणजे खनिकर्म आलं, त्याचा अर्ज वेगळा. अस्वलाचं मात्र काही सांगता येत नाही. त्याला संगीत चालतं, मोहफुलं खात असताना मध्ये कुणी आलेलं चालत नाही.

या सगळ्या उपद्व्यापातून जो अल्बम निघाला त्याचं नाव 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचा जो प्रकार आहे, त्यातला हा चांगलाच लांबट, चांगलाच गंभीर आणि पोटभर शिव्या खाल्लेला कन्सेप्ट अल्बम. कन्सेप्ट अल्बम म्हणजे सगळ्या गाण्यांना मिळून एकच विषय. एक गाणं प्रेमाचं, दुसरं पावसाचं, तिसरं दारूचं, असा फुटकळ माल इथे चालत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक सूत्र धरायचं आणि ऐकणाऱ्यानेही ते सोडायचं नाही.

यांचं सूत्र कुठून आलं ते ऐका. मार्च १९७३ मध्ये बिल ब्रुफर्ड या ड्रमवाल्याचं लग्न होतं. तिथे जेमी म्युअर नावाच्या दुसऱ्या एका तालवादकाने अँडरसनला एक पुस्तक वाचायला सुचवलं. आपल्याकडे लग्नात पाहुणा पाहुण्याला फार तर स्थळ सुचवतो. पुस्तक होतं परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र, मराठीत जे 'योगी कथामृत' म्हणून घरोघरी असतं आणि ज्याची पहिली वीस पानं घरोघरी वाचलेली असतात. अँडरसन टोकियोच्या हॉटेलात बसून थेट ८३व्या पानापर्यंत गेला आणि तिथल्या एका तळटिपेत अडकला. तळटिपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशा शास्त्रांच्या चार प्रकारांची माहिती होती. चार प्रकार, म्हणून चार गाणी. चार गाणी, म्हणून दोन तबकड्यांच्या चार बाजू. पुढे अमेरिकेतल्या सव्हाना गावी हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून तो आणि गिटारवाला स्टीव्ह हाऊ सकाळी सातपर्यंत बसले, आणि चारही बाजूंचा आराखडा तयार झाला.

तळटीप वाचणारा माणूस मी आयुष्यात फार कमी पाहिला आहे. तिच्यावर ८० मिनिटांचं संगीत करणारा हा एकच. अर्थात आमच्या कीर्तनकार बुवांना त्याचं नवल वाटलं नाही. एका अभंगावर ते पूर्वरंग आणि उत्तररंग मिळून तीन तास सहज काढतात, आणि त्यांना पुठ्ठ्याची गायही लागत नाही.

तर हा अल्बम आमच्या घरी आणला भाच्याने. तो पुण्याला शिकतो. पुण्याला शिकणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी चहाची, दुसऱ्या वर्षी ट्रेकिंगची आणि तिसऱ्या वर्षी जुन्या इंग्रजी संगीताची सवय लागते. दिवाळीच्या सुट्टीत आमगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आला, तो विटेएवढा स्पीकर घेऊन. त्याने आम्हाला माजघरात बसवलं. दिवा बंद करायला लावला. मोबाइल काढून घेतले.

"मामा, मध्ये बोलायचं नाही. मध्ये उठायचं नाही. आणि गाणं मध्येच बंद करायचं नाही."

"लघवीले लागली त?" मोठेबाबांनी विचारलं. मोठेबाबा माझे थोरले काका. आयुष्यभर त्यांनी धान पिकवला आणि मंडईची नाटकं पाहिली.

"आजोबा, वीस मिनिटांची एक बाजू आहे. बाजू संपली की जा."

पहिली बाजू सुरू झाली. आधी कुणीतरी भराभर, एका सुरात, स्तोत्र म्हटल्यासारखं बरंच काही म्हणून गेला. मोठेबाबांनी हात जोडले. मग गिटार आली, मग ड्रम आले, मग सगळं थांबलं, मग पुन्हा दुसऱ्याच चालीवर सुरू झालं. दर दोन मिनिटांनी ताल बदलायचा. मोठेबाबा मांडीवर ठेका धरायचा प्रयत्न करत होते. तीनदा धरला, तीनदा सुटला. चौथ्यांदा त्यांनी तो हात खर्ऱ्याच्या पुडीकडे वळवला.

अंधारात पुडीचा आवाज झाला. भाचा म्हणाला, "शू."

मोठेबाबांना त्यांच्याच घरात कुणी गप्प बसवलं, असं मी प्रथमच पाहिलं. पहिली बाजू संपली तेव्हा ते म्हणाले, "गाना वाईट नाई जी. पन हे कोनासाठी गाऊन रायले? आपल्यासाठी गाऊन रायले त आपल्याले हलू कायले देत नाई?"

प्रश्न बिनतोड होता. भाच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने विषय बदलायला म्हणून रिक वेकमनची गोष्ट सांगितली, आणि तिथे मात्र मोठेबाबा सावरून बसले.

वेकमन हा येसचा कीबोर्डवाला. त्याला हा अल्बम मुळातच पटलेला नव्हता. त्याचं म्हणणं साधं होतं, की मजकूर एका तबकडीला जास्त होत होता आणि दोन तबकड्यांना कमी पडत होता, म्हणून मध्ये पाणी घातलं. रेकॉर्डिंग चालू असताना शेजारच्या स्टुडिओत ब्लॅक सॅबथ नावाचा दणदणाटी बँड होता. हा तिकडे जाऊन त्यांच्या एका गाण्यात वाजवून आला, आणि मोबदला म्हणून बिअर प्याला. पुढे अल्बम घेऊन बँड दौऱ्यावर निघाला. ८० मिनिटांचा हा अल्बम रंगमंचावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा. त्यात कीबोर्डला लांबच लांब जागा मोकळ्या. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये प्रयोग चालू होता. वेकमनचा मदतनीस ऑर्गनखाली आडवा पडून असायचा, काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून. त्याच्याशी बोलता बोलता वेकमनने जेवणात काय खाणार ते सांगितलं, आणि मदतनिसाला वाटलं की मागणीच दिली. अर्ध्या तासाने ऑर्गनखालून वास यायला लागला. चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बटाटा आणि सारणाचा पराठा. वेकमनने सगळं कीबोर्डवर मांडलं आणि भर प्रयोगात जेवायला बसला. ही हकीकत तो स्वतःच सांगतो. अँडरसन गाता गाता जवळ आला, ताटाकडे पाहिलं, आणि एक पापड उचलून घेऊन गेला.

"शास्त्रावर गाना चालू आन हा कोंबडी खाते?" मोठेबाबांनी कपाळाला हात लावला. मग जरा थांबून म्हणाले, "पन भुकेल्या मानसाले कोन का म्हननार?"

आमच्या झाडीपट्टीत ही वेळ कीबोर्डवाल्यावर येणं शक्य नाही. ज्यांनी मंडईचं नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांचा हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. हलका धान घरात आलेला असतो, भारी धान अजून बांधीत नाहीतर पुंजण्यात. दिवसा शिंगाडे, ऊस, जिलेबी, फुगे, दंडार, सासरहून आलेल्या पोरी आणि त्यांच्यासाठी मुद्दाम आलेली स्थळं. रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. तिथे जाऊन गावच्या मंडळाने तारीख बांधायची, आणि हा हंगाम होळीपर्यंत चालतो.

पत्रिकेवर लिहिलेलं असतं, रात्री ठीक ९ वाजता. त्या पत्रिकेवर नटांच्या नावांपेक्षा उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी आणि दीपप्रज्वलक यांची नावं जास्त असतात. या सगळ्यांना शाल आणि श्रीफळ द्यायचं, म्हणजे अकरा वाजले. विशेष अतिथी बोलायला उभे राहिले तर साडेअकरा. येसच्या पहिल्या बाजूला प्रस्तावना फार आहे म्हणून ज्या इंग्रज समीक्षकांनी बोटं मोडली, त्यांना एकदा आमच्या पहिल्या रांगेत बसवायला हवं. बसायला गादी देऊ.

मग नाटक. मग पहाटेपर्यंत नाटकच. आई, वाडा, जमीन, दारू, सावकार, कुंकू. पायपेटीचा ऑर्गन, तबला, ढोलक, आणि हल्ली ऑक्टोपॅड. गाणी नटांनी स्वतः गायची. दोन प्रवेशांच्या मध्ये नाच. आई रंगमंचावर शेवटचा श्वास घेते, मुलगा हंबरडा फोडतो, बायका पदराने डोळे पुसतात, पडदा पडतो, आणि तो पूर्ण पडायच्या आत दिवे लाल-हिरवे होऊन नाचाचं गाणं सुरू होतं. दुःखाने मान खाली घातलेला माणूस शिट्टी वाजवायला मान वर करतो. पुढच्या प्रवेशात आईचा फोटो हार घालून भिंतीवर. कुणाला यात काहीही खटकत नाही. येसवाले दर दोन मिनिटांनी ताल बदलतात त्याला प्रगत संगीत म्हणायचं, आणि आमच्याकडे दर दोन मिनिटांनी रस बदलतो त्याला गावठी म्हणायचं, हा न्याय मला मान्य नाही. निदान सरकारला तरी उशिरा का होईना ते कळलं. २०२३ साली या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. शेती सांभाळून रात्रभर तोंडाला रंग लावणाऱ्या या माणसाच्या नावावर सुमारे ८०० भूमिका आहेत.

आता आमचा ऑर्गनवाला पाहा. नट ओळ विसरला की त्याने सूर धरायचा. पडदा अडकला की त्याने वाजवायचं. कुणी शंभर रुपये बक्षीस दिलं, की भोंग्यावरून बक्षीस देणाऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि गावाचं नाव सांगून होईपर्यंत रडणारी नायिका त्याच पोझमध्ये थांबते आणि ऑर्गनवाला तिच्या रडण्याखालचा सूर सोडत नाही. त्याला विंदालू सोडा, आलूबोंडा खायला उसंत नसते. खातात ते प्रेक्षक. भजे, मुरमुरे, शिंगाडे, चहा. घोंगडं पांघरून झोपतातही. आणि झोपलेल्याला खुनाचा प्रवेश आला की शेजारचा कोपराने उठवतो. अख्खं नाटक कुणीच पाहिलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी बांधीवर चार जण मिळून आपापले तुकडे जोडतात, तेव्हा कुठे गोष्ट पुरी होते. त्यात एखादा जास्तीचा खूनही निघतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की येसच्या अल्बमवर लांबीचा जो आरोप झाला तो खोटा आहे. ८० मिनिटं म्हणजे काय? आमच्याकडे तेवढ्यात प्रमुख अतिथी खाली उतरत नाहीत. खोट आहे ती ऐकणाऱ्याला जखडून ठेवण्यात. वेकमनने त्या रात्री प्रेक्षकांच्या वाट्याचा हक्क एकट्याने बजावला, इतकंच. हॉलमधल्या प्रत्येकाला एकेक ताट दिलं असतं, तर तो अल्बम आजही दर दिवाळीला वाजला असता.

आपल्या गीतरामायणाचं पाहा ना. माडगूळकर आणि फडके यांनी १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू केलं आणि ५६ गाणी होईपर्यंत वर्षभर चालवलं. एकच विषय, एकच कवी, एकच संगीतकार, म्हणजे कन्सेप्ट अल्बमच की हा, आणि तोही लंडनच्या पोरांना मिसरूड फुटायच्या आधीचा. पण आठवड्याला एक गाणं. मधल्या सहा दिवसांत लोक कामावर गेले, भांडले, जेवले, आणि पुन्हा रेडिओपुढे येऊन बसले. वनवास चौदा वर्षांचा असला तरी श्रोत्याला कुणी वनवासात पाठवलं नाही.

भाच्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, मामा, कलावंताला गंभीर व्हायचं स्वातंत्र्य नको का? मग त्याने जेथ्रो टलचं उदाहरण काढलं. या बँडच्या आधीच्या अल्बमला समीक्षकांनी कन्सेप्ट अल्बम ठरवलं, म्हणून त्यांचा गायक इयन अँडरसन (हा अँडरसन वेगळा) चिडला आणि १९७२ साली त्याने थट्टा म्हणून 'थिक ॲज अ ब्रिक' काढला. दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं, आणि आवरण म्हणून १२ पानांचं खोटं वर्तमानपत्र. थट्टा इतकी मन लावून केली की लोकांनी ती गंभीरपणे विकत घेतली आणि अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. या उदाहरणाने भाच्याची बाजू बळकट झाली की माझी, ते आम्हा दोघांनाही ठरवता आलं नाही.

गंभीर कलावंताची कैफियत ऐकायची तर लंडनला जायची गरजच नाही. आमगावजवळ पदमपूर आहे. संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर ते हेच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी दाखवून दिलं. म्हणजे आठव्या शतकातला हा माणूस आमच्या तालुक्यातला. तालुक्यातल्या माणसाबद्दल जितपत आपुलकी असते तितपत आम्हाला आहे, म्हणजे त्याचं नाव देतो, वाचत नाही. त्याने रामाच्या आयुष्याचा पूर्वार्ध 'महावीरचरिता'त घातला आणि उत्तरार्ध 'उत्तररामचरिता'त. प्रत्येकी सात अंक. याला आजच्या भाषेत डबल अल्बम म्हणतात. 'मालतीमाधव' तर दहा अंकांचं. समास असे, की एका दमात वाचणाऱ्याला धाप लागावी. त्याच्याही काळी कुणीतरी जांभई दिली असणार, कारण 'मालतीमाधवा'च्या सुरुवातीलाच तो टीकाकारांना बजावतो की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच, माझ्यासारखा कुणीतरी पुढे जन्मेल, काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. पृथ्वी मोठी आहे हे खरंच ठरलं. बाराशे वर्षांनी, १९४४ साली, लँकेशायरमधल्या ॲक्रिंग्टन गावी जॉन अँडरसन जन्मला. त्याच्याही अल्बमला टीकाकारांनी झोडपलं आणि तो तरीही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. भवभूतीला समानधर्मा मिळाला, फक्त त्याच्या हातात टाळ्यांऐवजी पापड होता.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते. भवभूतीची नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत व्हायची, असं त्याच्याच नाटकांत लिहिलेलं आहे. यात्रेत! म्हणजे बाहेर फुगे, आत करुणरस. सीतेचा त्याग चालू असताना मागच्या रांगेत कुणीतरी शिंगाडे सोलत असणारच. हा माणूस आमच्या मंडईचाच.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि उरलेल्या तीन बाजू कानात बोंडकं घालून एकट्याने ऐकल्या. मंडईच्या रात्री मात्र तो आमच्याबरोबर आला. साडेअकराला नाटक सुरू झालं, एकला त्याने पहिला आलूबोंडा खाल्ला, अडीचला मोठेबाबांच्या घोंगड्यात शिरला. साडेतीनला वाड्याच्या मालकाचा खून झाला तेव्हा त्याला उठवलं. तो दचकून उठला, रंगमंचाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा कोण? हा तर आधी मेला होता ना?"

"तो त्याचा भाऊ," मोठेबाबा म्हणाले. "तू वीस मिनिटं उठू नोको म्हनत होता ना? मग झोपला कायले?"

सकाळी शेकोटीपाशी चहा पिताना भाच्याने वेकमनची उरलेली कहाणी सांगितली. लांबीला कंटाळून हा १९७४ साली येसमधून बाहेर पडला. बाहेर पडून त्याने काय करावं? आर्थर राजाच्या कथांवर स्वतःचा कन्सेप्ट अल्बम केला, आणि १९७५ साली वेम्बलीला त्याचा प्रयोग बर्फावर लावला. वाद्यवृंद, गायकवृंद, आणि चिलखत घातलेले सरदार पायात बर्फावर घसरायचे बूट घालून लढताहेत. दोन वर्षांत 'गोइंग फॉर द वन' या अल्बमसाठी तो येसमध्ये परत आला, आणि त्यात १५ मिनिटांचं एक गाणं वाजवलं.

शेकोटीभोवती मंडळाचे दोघे-तिघे बसले होते. पुढल्या वर्षीच्या कंपनीची चर्चा चालू होती. बर्फाचं ऐकून सगळे गप्प झाले. अध्यक्षांनी विचारलं, पूर्ण रंगमंचाएवढा?

"पूर्ण," भाचा म्हणाला.

"लादी गोंद्यावून आनता येते," मोठेबाबा म्हणाले. "तनसात गुंडाळून आनली त रस्त्यानं पाघरत नाई. पन हे आपले विशेष अतिथी. त्यायच्या भाषनापर्यंत बर्फ टिकन का?"

अध्यक्ष म्हणाले, "मंग उद्घाटन नाटकाच्या नंतर ठेवू."

यावर जी शांतता पसरली ती मोडायला उपाध्यक्षांना खाकरावं लागलं. ते उद्घाटकांचे साळे होते. त्यांनी सुचवलं की बर्फच रद्द करावा.